वाटेत जे मिळणार नाही ते आधी: लांबच्या सायकल सफरीची तयारी

लांब पल्ल्याच्या सायकल सफरीची यादी करायला बसलं की ती फुगतच जाते. तिला आवर घालायला एक प्रश्न पुरतो: ही वस्तू वाटेत मिळेल का? साबण, दोरी, टी-शर्ट, तापाच्या गोळ्या या गोष्टी माणसं राहतात तिथे मिळतात. मिळत नाही ते तुमच्याच सायकलीच्या आणि तुमच्याच शरीराच्या मापाचं सामान. म्हणून यादी तिथून सुरू करायची आणि तंबू-कपड्यांकडे सगळ्यात शेवटी वळायचं. बहुतेक जण नेमकं उलट करतात, कारण तंबू विकत घ्यायला मजा येते, हँगर घ्यायला येत नाही.

गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो फ्रेमला स्क्रूने बसवलेला छोटा तुकडा म्हणजे हँगर. सायकल उजव्या अंगावर पडली तर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमचा करतात. त्याचे आकार अक्षरशः शेकडो आहेत आणि एकाचा दुसऱ्याला चालत नाही. खिशात मावणारी ही वस्तू मोडली तर सगळे गिअर जातात आणि चेन छोटी करून एकाच गिअरवर पुढचं गाव गाठावं लागतं. आपल्या फ्रेमचे दोन घ्या. काही स्टील फ्रेमना तो फ्रेमचाच भाग असतो. तुमची तशी असेल तर ही ओळ खोडून टाका.

मग आरे. पुढच्या चाकाचे, मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचे आणि डाव्या बाजूचे आरे सहसा वेगवेगळ्या लांबीचे असतात, त्यामुळे ‘चार स्पोक घेतले’ एवढ्याने भागत नाही. प्रत्येक लांबीचे दोन-तीन, निपलसह, म्हणजे आरा रिमला आवळणाऱ्या छोट्या नटसह. ओझं मागे असतं, म्हणून आरा बहुधा मागच्या चाकाचा तुटतो, आणि त्यातही कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या, बाजूचा, कारण तिकडच्या आऱ्यांवर ताण जास्त असतो. तो बदलायला कॅसेट उतरवावी लागते. पुरेसे आरे घेऊन कॅसेट उतरवायचं हत्यार घरी ठेवणारे कमी नाहीत. पूर्ण मोठं हत्यार नको असेल तर फ्रेमचाच आधार घेऊन कॅसेट सैल करणारी बोटभर आवृत्ती मिळते. आरे चेनच्या शेजारच्या दांडीला टेप लावून बांधले की वाकत नाहीत. निघण्यापूर्वी एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून चाकांचा आऊट काढून ताण सारखा करून घ्या आणि ते काम शेजारी उभं राहून बघा. चाक नवं बनवून घेणार असाल तर ३६ आऱ्यांचं घ्या. कमी आऱ्यांचं चाक हलकं असतं, पण त्यातला एक आरा गेला तरी रिम ब्रेकला घासेपर्यंत डगमगते.

ब्रेक पॅडची तीच गोष्ट. डिस्क ब्रेकच्या पॅडचे आकार कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतात, म्हणून आपल्या ब्रेकचे दोन जोड. ओल्या, चिखलाच्या घाटात ओझ्यासह उतरताना पॅड इतके लवकर झिजतात की विश्वास बसत नाही. हायड्रॉलिक ब्रेक छान लागतात, पण त्यांची नळी फुटली तर रस्त्याकडेला बसून काही करता येत नाही. केबलवर चालणाऱ्या ब्रेकला एक केबल आणि एक अ‍ॅलन की पुरते. माझं मत केबलच्या बाजूने आहे. गिअरची एक आणि ब्रेकची एक जास्तीची केबल घ्या, दोन्ही मागच्या लांबीच्या. पुढे लागली तर कापता येते.

चेन मोजून बघा. नव्या चेनचे बारा जोड (एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक जोड) म्हणजे बरोबर एक फूट. साधी फूटपट्टी धरल्यावर बाराव्या जोडाचा शेवटचा पिन १/१६ इंचाने पुढे गेलेला दिसला तर चेन बदलायची वेळ झाली. १/८ इंच गेला असेल तर तिने कॅसेटही खाल्ली असं समजा. सफरीच्या तोंडावर नवी चेन जुन्या कॅसेटवर चढवली तर ती जोरात मारताना उड्या मारते, म्हणून हा बदल महिनाभर आधी करून चालवून बघावा. सोबत चेन तोडायचं चेन टूल आणि आपल्या चेनच्या गिअरसंख्येला जुळणाऱ्या दोन क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायच्या सुट्या कड्या, हव्यात. दहा गिअरची लिंक अकराच्या चेनला बसत नाही.

गिअरबद्दल दुकानात कोणी काहीही सांगो, सर्वांत हलका गिअर आणखी हलका हवा. पुढे २२ दात आणि मागे ३४ असं काहीतरी. भरलेल्या सायकलीवर लांब चढ चढताना गुडघे वाचवतो तो हाच गिअर. वरचे, वेगाचे गिअर ओझ्याच्या सफरीत शोभेचे असतात.

टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंद आणि नवे, पण शे-दोनशे किलोमीटर चाललेले घ्या. ट्यूब दोन, पॅच आणि सोल्युशन. उघडलेली सोल्युशनची नळी सुकते, म्हणून एक न उघडलेली. टायरला बाजूने चीर गेली तर ट्यूब तिथून फुगून बाहेर येते. आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा ठेवा. वॉल्व्हकडे लक्ष द्या: बारीक प्रेस्टा वॉल्व्हची ट्यूब सगळीकडे मिळत नाही, मोटारीसारखा जाड श्रेडर वॉल्व्ह असेल तर कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. प्रेस्टा असल्यास पितळी अ‍ॅडॉप्टर घ्या. पंप घरी वापरून बघा, निदान एक टायर रिकाम्यापासून भरून.

कॅरिअर आणि पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या, बघताना लोक कापडाकडे बघतात. तुटतात ते बोल्ट. कॅरिअरचे बहुतेक बोल्ट एम-५ मापाचे असतात. पाच-सहा जास्तीचे, सोबत सैल न होऊ देणारा गोंद आणि केबल टाय. पहिल्या दिवसाच्या शेवटी सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे, मग दर आठवड्याला. जड सामान खाली आणि चाकाच्या आसाजवळ, थोडं पुढच्या कॅरिअरवरही. सगळं मागे लादलं तर चढावर पुढचं चाक हलकं पडतं आणि उतारावर हँडल थरथरतं.

आता शरीर, कारण हेही सुटं मिळत नाही. सीट तुमच्या बैठकीच्या हाडांच्या रुंदीची हवी. मऊ जाड सीट दुकानात बरी वाटते, तिसऱ्या दिवशी तीच छळते. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. पाच-पाच मिलिमीटरने बदलून बघा आणि ठरलेली उंची सीटच्या दांडीवर टेपने खूण करून ठेवा. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहातातली नस दाबली जातेय: हँडल थोडं वर घ्या, हात ठेवायच्या जागा बदलत राहा. दुर्लक्ष केलंत तर हा बधिरपणा सफर संपल्यावरही आठवडेच्या आठवडे टिकतो. पॅडच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालायची नसते आणि ती रोज धुवायची असते. हे कोणी स्पष्ट सांगत नाही म्हणून इथे लिहून टाकलं.

सराव म्हणून एका दिवसात मोठं अंतर मारून काही कळत नाही. पूर्ण ओझं लादून लागोपाठ दोन दिवस चालवा, मधली रात्र तंबूत काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना तोंड कसं होतं, त्यावरून सगळं समजतं. परत आल्यावर पिशव्या उलट्या करा आणि पाऊस, थंडी, औषध, दुरुस्ती यांपैकी कशालाच न लागलेल्या वस्तू बाजूला काढा. १८८४ मध्ये थॉमस स्टीव्हन्स उंच चाकाच्या सायकलवरून जगप्रवासाला निघाला तेव्हा त्याच्याकडे मोजे, एक जास्तीचा शर्ट, तंबू आणि अंथरूण म्हणूनही चालणारा रेनकोट आणि एक पिस्तूल एवढंच होतं. पिस्तूल सोडून बाकीचा अंदाज आजही वाईट नाही.

स्वतःची नेहमीची औषधं पूर्ण सफरीपुरती, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव हवं. काही वेदनाशामकं आणि झोपेच्या गोळ्या कित्येक देशांत बंदी असलेल्या यादीत असतात, ते आधी तपासा. चष्मा असेल तर दुसरा. धनुर्वाताचं इंजेक्शन. आणि रेबीज: सायकलस्वाराच्या मागे कुत्री लागणारच. आधी लस घेतलेली असली तरी चावल्यावर पुढचे डोस लागतात, पण दुर्गम भागात मिळायला अवघड असलेलं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागत नाही. चावा किंवा ओरखडा झाला तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा, थांबून बघायचं नाही. कुत्रा अंगावर आला तर उतरून सायकल मध्ये धरा. पाठलागाची मजा गेली की बहुतेक कुत्री भुंकून परततात.

पाण्याचं गणित नकाशावर करायचं, अंदाजाने नाही. ऑस्ट्रेलियातल्या नलारबोरच्या रस्त्यावर दोन रोडहाउसमधलं (रस्त्याकडेचा पंप आणि खानावळ) अंतर काही ठिकाणी १८० किलोमीटरहून जास्त आहे आणि त्यात १४६.६ किलोमीटरचा एक सरळसोट पट्टा येतो. समोरून वारा असेल तर हे दोन दिवसांचं काम आहे. पिणं आणि स्वयंपाक धरून दहा लिटर पाणी, म्हणजे दहा किलो. म्हणून बाटल्यांखेरीज एक घडीची मोठी पिशवी घ्या, नेहमी रिकामी असणारी. फिल्टर असला तरी क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी ठेवा, कारण फिल्टरमधलं पाणी गोठलं की तो निकामी होतो आणि बाहेरून तसं दिसत नाही. उकळायचं तर खळखळून एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. जलसंजीवनीची पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

उंचीचा हिशोब वेळापत्रकात आधीच धरा. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा दर दिवशी साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. ताजिकिस्तानातल्या पामीर महामार्गावरची अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे. तिथे पाय दमले म्हणून थांबणारे पुष्कळ असतात, डोकं दुखतंय तरी पुढे जाणारे धोक्यात येतात. दुखणं वाढत असेल तर खाली उतरणं हाच उपाय.

व्हिसा दिवसांत मिळतो, सायकल किलोमीटरमध्ये चालते. ३० दिवसांच्या व्हिसात विश्रांती, पाऊस, दुरुस्ती वजा जाता २२ दिवस चालवणं होतं; दिवसाला ७० किलोमीटर धरले तर १,५४०. देश त्याहून रुंद असेल तर मध्ये रेल्वे किंवा बस घ्यावी लागणार, हे आत्ताच मान्य करा. युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस मिळतात, सगळे देश मिळून. ई-व्हिसा अनेकदा ठरावीक विमानतळांपुरताच चालतो. जमिनीवरच्या नाक्यावर तो घेतील का, ते तपासल्याशिवाय मार्ग आखू नका. पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने उरलेली असावी. सायकलीची पावती आणि पेडलच्या खालच्या बाजूला फ्रेमवर कोरलेल्या नंबराचा फोटो ऑनलाइन (क्लाउडवर) आणि कागदावर, दोन्हीकडे. विम्याची कागदपत्रं उघडून उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरने सोडवण्याचा खर्च या दोन ओळी शोधा.

चूल घेणार असाल तर इंधन पुढे मिळेल का बघा. स्क्रूचे गॅसचे डबे दूरच्या गावांत मिळत नाहीत, पेट्रोल मिळतं. विमानात दोन्ही नेता येत नाहीत आणि वापरलेल्या चुलीला वास येत असेल तर तीही अडवतात. पॉवर बँक हातातल्या सामानात, १०० वॉट-अवरपर्यंत. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र नेण्याआधी त्या देशाचा कायदा वाचा, भारतातच परवानगीशिवाय असं यंत्र सापडलं तर अडचण होते. कपड्यांबद्दल फार बोलायला नको: चालवायचे दोन जोड, रात्रीचा एक कोरडा जोड जो कितीही पाऊस आला तरी चालवताना घालायचा नाही, पावसाचं जाकीट, आणि लांब उतारासाठी वारा अडवणारे हातमोजे.

शेवटी विमानासाठी सायकल बांधायचा खोका. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात: सोडवताना पाना उलट दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवायचा. पेडल आठवडाभर आधी एकदा काढून, ग्रीस लावून पुन्हा बसवा, नाहीतर आदल्या रात्री ते हलणार नाही. चाक काढल्यावर हायड्रॉलिक ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सारा, लिव्हर चुकून दाबली गेली तर पॅड चिकटतात. पुढचं चाक धरणाऱ्या काट्याच्या (फोर्कच्या) दोन पायांमध्ये आधाराला प्लास्टिकचा तुकडा बसवा, सायकलच्या दुकानात तो फुकट मिळतो. डिरेलर हँगरवरून सोडवून फ्रेमच्या आत बांधा. हत्यारं खोक्यात, हातातल्या बॅगेत अ‍ॅलन की सापडली तर ती तिथेच राहील. उतराल त्या शहरातली पहिली रात्र आधी ठरवून ठेवा, विमानतळाजवळ, जमिनीवर सायकल जोडू देतील अशा जागी, आणि दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. तेवढ्यात कोणता बोल्ट सैल आहे ते कळतं आणि परत येऊन आवळता येतो.