कांचन की कांचन? आयनॅचरलिस्टवर नावाचा वाद कसा मिटवावा

आयनॅचरलिस्ट ही निसर्गातल्या नोंदींचे फोटो टाकून सगळ्यांनी मिळून ओळख ठरवायची साइट. तिथे आपण झाडाला एक नाव देतो, दुसरा येऊन भलतंच लिहितो आणि नोंद लटकते. उत्तर देण्यापूर्वी एवढं करा:

१. दोन्ही शास्त्रीय नावं लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पतिउद्यानाच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' या साइटवर शोधा. एक नाव दुसऱ्याचं समनाम, म्हणजे त्याच झाडाचं दुसरं शास्त्रीय नाव निघालं, तर वाद संपला. बाभळीचं 'अकेशिया निलोटिका' आणि 'वॅचेलिया निलोटिका' हे एकच झाड. काही भांडणं इथेच मिटतात.

२. दोन्ही नावं मान्य, म्हणजे वेगवेगळ्या झाडांची असतील तर फोटो पाहा. कांचनावर तर हे भांडण ठरलेलंच, कारण दोन वेगळ्या झाडांना कांचन म्हणतात. फुलातले पुंकेसर मोजा: मोठे, परागकोश असलेले तीन असतील तर बहुधा 'बौहिनिया पर्पुरिया', पाच असतील तर 'व्हेरिएगाटा'. फुलण्याचा काळही सांगतो. पहिला दिवाळीच्या आसपास, दुसरा होळीच्या सुमारास. नुसत्या पानांवरून पैज लावू नका.

३. कारण एका ओळीत लिहा: 'पुंकेसर तीन दिसतात, तिसरा फोटो पाहा.' चूक आपलीच असेल तर आपली ओळख मागे घ्या. सहमती दोन तृतीयांशाहून जास्त लागते, त्यामुळे दोन विरुद्ध एकवर नोंद अडकूनच राहते.

जपायचं ते इथे: कुठला कांचन ते न सांगता फक्त 'बौहिनिया' एवढंच लिहिलंत की साइट विचारते, आधीची ओळख चूक वाटते की तुम्हाला नक्की ठाऊक नाही? घाईत 'चूक' निवडलंत, तर समोरच्याची बरोबर ओळखही खाली ओढली जाते.