हंगाम आटोपताच ट्रॅक्टरच्या जुन्या ऑइलचा नमुना तपासून घ्या

मळणी झाली की ट्रॅक्टर धुऊन शेडमध्ये लावायचा आणि ऑइल बदलायचं ते थेट पुढच्या नांगरणीच्या तोंडावर, अशी अनेकांची सवय असते. यंदा ती मोडा. हंगामभर धुळीत राबलेल्या इंजिनाचा सगळा हिशेब त्या काळ्या ऑइलमध्ये उतरलेला असतो. ते आत्ताच काढा आणि काढतानाच प्रयोगशाळेसाठी नमुना भरून घ्या. अहवालात काही निघालंच तर दुरुस्तीला वेळ हाताशी आहे. शिवाय वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल तयार होतं. असं ऑइल पोटात ठेवून इंजिन महिनोन्‌महिने उभं राहिलं तर बेअरिंग उभ्या जागी खराब होतात.

नमुना नीट घेतला नाही तर पुढचं सगळं फुकट. थोडा वेळ काम करून इंजिन चांगलं तापवा, बंद करा आणि लगेच ऑइल सोडा. ते हात भाजण्याइतकं गरम असतं, तेव्हा हातमोजे घाला. त्याआधी ड्रेन बोल्टच्या आजूबाजूची माती फडक्याने पुसून घ्या. तिथली चिमूटभर माती बाटलीत गेली तर अहवालात ती सिलिकॉन म्हणून दिसेल आणि नसलेला दोष तुम्ही शोधत बसाल. पहिली धार तळाचा गाळ घेऊन येते, ती जाऊ द्या. मधल्या धारेतून कोरडी, स्वच्छ बाटली भरा. बाटलीवर इंजिनाचे एकूण तास, हे ऑइल किती तास चाललं, कोणत्या ग्रेडचं आहे आणि मध्ये किती भर घातली, एवढं लिहाच.

हे तास लिहायला मी इतकं का सांगतोय, ते पाहा. इंजिनाचे भाग झिजले की त्यांच्या धातूचे बारीक कण ऑइलमध्ये उतरतात आणि अहवाल ते पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे मोजतो. एका अहवालात लोखंड ६० पीपीएम आलं, दुसऱ्यात ४५. वाटतं, ४५ वालं इंजिन बरं. पण पहिलं ऑइल २५० तास चाललेलं आहे आणि दुसरं फक्त १००. ढोबळ हिशेबाने पहिल्यात दर १०० तासांना २४ पीपीएम झीज झाली, दुसऱ्यात ४५. काळजी दुसऱ्याचीच करायची. मध्ये दोन-तीन लिटर नवं ऑइल ओतलं असेल तर आकडा आपोआप उतरतो, म्हणून भर घातल्याची नोंदही हवी. आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहू नका. आपल्याच इंजिनाचा मागचा अहवाल हीच खरी फूटपट्टी.

शेतातल्या इंजिनाच्या अहवालात माझी नजर आधी सिलिकॉनवर जाते. सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा धूळ, आणि धुळीइतकं लायनरला (सिलिंडरच्या आतल्या अस्तराला) आणि पिस्टनच्या रिंगांना खाणारं दुसरं काही नाही. पण तो आकडा एकटा वाचू नका. सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियम, लोखंड आणि क्रोमियमही चढलं असेल, तर धूळ आत जाऊन लायनर, पिस्टन आणि रिंगा घासतेय असं समजा. नुकतंच इंजिन उघडून गॅसकेटला सीलंट लावलं असेल आणि सिलिकॉन एकटंच वाढलं असेल, तर ते सीलंटमधून आलेलं असू शकतं.

आमच्या ट्रॅक्टरच्या पहिल्याच अहवालात सिलिकॉन भरपूर आलं होतं. एअर फिल्टर नवा, म्हणून मी अहवालावरच शंका घेतली. मग फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा रबरी होज काढला आणि आतून बोट फिरवलं. बोटाला पिठासारखी राखाडी धूळ लागली. क्लिपच्या खाली रबराला नखाएवढी चीर होती, वरून दिसतच नव्हती. तेव्हापासून दर हंगामाला मी तो होज काढून आत बोट फिरवतो. तुम्हीही फिरवा. फिल्टरच्या पुढची नळी आतून स्वच्छच असायला हवी. फिल्टर आपटून झाडणं किंवा जोराच्या हवेने फुंकणंही थांबवा, त्याने कागद फाटतो.

तांबं, शिसं आणि कथील एकत्र वाढले तर संशय बेअरिंगवर. नव्या इंजिनात तांबं एकटंच जास्त आलं तर ते बऱ्याचदा ऑइल कूलरमधून सुटतं आणि पुढच्या दोन-तीन बदलांत उतरतं. इथे एक मेख आहे. प्रयोगशाळेच्या यंत्राला काही मायक्रॉनपर्यंतचेच कण दिसतात, मोठे तुकडे अहवालात येतच नाहीत. म्हणून जुना ऑइल फिल्टर कापा, कागदाच्या घड्या उन्हात उलगडा, चुंबक फिरवा. चमचमणारे पापुद्रे दिसले तर अहवाल कितीही चांगला असो, मेकॅनिकला बोलवा.

सोडियम किंवा पोटॅशियम अचानक वाढलं आणि रेडिएटरमधलं पाणीही कमी होत असेल, तर कूलंट ऑइलमध्ये उतरतंय. हेड गॅसकेट, लायनरचे सील आणि ऑइल कूलर तपासून होईपर्यंत ट्रॅक्टर कामाला लावू नका.

घट्टपणाचा आकडाही पाहा. १५डब्ल्यू-४० ऑइल १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असतं. त्याहून पातळ झालं असेल तर बहुधा डिझेल मिसळतंय: नोझल गळतंय, पंपाचं सील गेलंय किंवा इंजिन तासन्‌तास रिकामं चालू राहतंय. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली म्हणून इंजिन ऑइल खात नाही असं समजून खूश होऊ नका, ते डिझेलच असू शकतं. ऑइल जाड झालं असेल तर काजळी वाढलीय किंवा ते जास्त तापलंय. काळ्या रंगावरून मात्र काही ठरवू नका, डिझेल इंजिनात नवं ऑइलही थोड्याच तासांत काळं होतं. टीबीएन, म्हणजे आम्ल मारण्याची ऑइलमधली शिल्लक ताकद, नव्या ऑइलच्या निम्म्यावर आला असेल तर बदलाचे तास कमी करा.

एका अहवालावरून इंजिन उघडायला घेऊ नका. आकडा खटकला तर नव्या ऑइलवर ५० तास काम करून दुसरा नमुना पाठवा. उरलेलं जुनं ऑइल बांधावर किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्या.