अभ्यासासाठी रुग्णाचे कागद पाठवताना ओळख कशी झाकावी

रुग्ण उपचारासाठी दुसऱ्या हॉस्पिटलात जात असेल तर नाव, वय, रक्तगट सगळं ठळक हवं. तिथे झाकाझाक जिवावर बेतते. मी सांगतोय ते अभ्यासासाठी किंवा केस चर्चेसाठी बाहेर जाणाऱ्या कागदांबद्दल.

आधी लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या. मागणाऱ्याला नेमकं काय हवंय ते लेखी मागवा आणि तेवढंच काढा.

आता खरं काम. ‘नाव खोडलं की झालं’ हा सल्ला रेकॉर्ड विभागात लागलो तेव्हा मलाही मिळाला होता, आणि तो घातक आहे. एका बाईंचे कागद मी नाव खोडून पाठवले. दोन दिवसांनी पलीकडून फोन आला, “अहो, या आमच्या शेजारच्या गावच्या सरपंचबाई ना?” गावाचं नाव तसंच होतं, आणि व्यवसायाच्या रकान्यात रेसिडेंटच्या अक्षरात ‘सरपंच’. बाईंनी आजार घरीसुद्धा सांगितला नव्हता. मला ते अजून लागतं.

संशोधक लतान्या स्वीनी यांनी अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं होतं, की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येऊ शकतात. म्हणून गाव आणि पिनकोड काढा, जिल्हा ठेवा. आजार दुर्मिळ असेल तर जिल्हाही नको. जन्मतारखेऐवजी वयोगट लिहा. तारखा मात्र सरसकट खोडू नका, अभ्यासाला दिवसांचं अंतर लागतं. एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी मागे-पुढे सरकवा.

मग आयपीडी नंबर (भरती रुग्णाचा नंबर), आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक), फोन, लॅबच्या लेबलवरचा बारकोड, हेही काढा. हिस्टरी शीट ओळ न् ओळ वाचा. ‘मुलगा अमुक शाळेत शिक्षक’ असं हमखास तिथेच सापडतं.

मार्कर फिरवलेला कागद उजेडाला धरला की खालची अक्षरं दिसतात. मार्कर मारून झेरॉक्स काढा आणि ती झेरॉक्सच द्या. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर कॉपी होतो. पानाची प्रिंट काढून पुन्हा स्कॅन करा. सोनोग्राफीच्या चित्रात वरच्या कोपऱ्यात नाव छापलेलं असतं, आणि डायकॉम फाइलच्या (स्कॅनची चित्रं ज्या स्वरूपात साठवतात ती) हेडरमध्ये, म्हणजे चित्रासोबतच्या माहितीत, ते वेगळं लपलेलं असतं. दोन्हीकडून काढावं लागतं.

नावाऐवजी कागदावर कोड टाका, आणि कोड व नाव यांची जोडणी असलेलं रजिस्टर आपल्याच कुलपात. फाइल ईमेलने, पासवर्ड फोनवर. व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

पाठवण्याआधी तयार फाइल त्या तालुक्यातल्या एखाद्या सिस्टरला दाखवा, पण ज्यांनी त्या रुग्णाची केस हाताळली नव्हती अशाच सिस्टरला. त्यांनी “कळलं कोण ते” म्हटलं, तर फाइल पुन्हा टेबलावर.