कराटे, बॉक्सिंग की कुस्ती? स्वसंरक्षणासाठी क्लास लावताना या चुका टाळा

मे महिन्याची सुट्टी लागली की दादर-परळच्या व्यायामशाळांत आणि सोसायट्यांच्या हॉलमध्ये आईबाबांचा एकच प्रश्न ऐकू येतो. मुलीला कराटेला घालू, बॉक्सिंगला, की ते जमिनीवर पकडीत अडकवायचं ब्राझिलियन जुजुत्सू म्हणतात तिकडे? चाळिशीतले लोकही हल्ली स्वतःसाठी हेच विचारतात. त्यांना एक नाव हवं असतं, आणि मी नाव सांगत नाही. ज्या क्लासात समोरचा माणूस खरोखर विरोध करतो, हात सोडवून घेतो, उलट मारतो, तो क्लास कामाचा. जिथे तो हात पुढे करून पुतळ्यासारखा उभा राहतो आणि तुम्ही त्याला ‘पाडता’, तिथला काळा पट्टा कमरेला असला तरी रस्त्यावर त्याच्या भरवशावर राहू नका.

‘घातक’ डावांना भुलणं

‘आमच्याकडे खेळ नाही, खरी मारामारी शिकवतात. डोळ्यांत बोटं, गळ्यावर फटका, एका झटक्यात माणूस संपला.’ जाहिरातीत हे वाचून माणूस भारावतो. पण डोळ्यांत बोटं घालायचा सराव रोज कोणावर करणार? करता येत नाही, म्हणून तो हवेत होतो. हवेत केलेला डाव घाबरलेल्या, ढकलाढकली करणाऱ्या माणसावर पहिल्यांदाच वापरायची वेळ आली की तो जमत नाही.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान सुरू केलं, तेव्हा जुन्या जुजुत्सूतले मोडतोड करणारे डाव त्यांनी मोकळ्या लढतीतून बाजूला काढले. वरवर पाहता विद्या बोथट झाली. पण उरलेले डाव विद्यार्थी रोज, पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या जोडीदारावर करू लागले. जुदोत याला रांदोरी म्हणतात. आपल्या तालमीत वेगळं काय चालतं? वस्ताद काठावर उभा असतो, आणि पोरं मातीत एकमेकांचे पट काढतात, ढाक लावतात, आपटतात, पुन्हा उठतात. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, ते अशाच मेहनतीतून. साधा डाव हजार वेळा खऱ्या विरोधावर केलेला असेल, तर तो कधीच न वापरलेल्या घातक डावापेक्षा जास्त भरवशाचा असतो.

म्हणून डेमो क्लासला गेलात तर पट्टे आणि प्रमाणपत्रं बघत बसू नका. आठवड्यातून किती वेळा स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत होते, नवीन मुलाला त्यात कधी घेतात आणि तेव्हा अंगावर काय घालतात, हे विचारा. उत्तर ‘ब्लॅक बेल्टनंतर’ असं आलं तर नमस्कार करून निघा. पहिल्याच दिवशी नवख्याला जुन्या मुलांसमोर टाकून चोपून काढतात, तिथूनही निघा. ती शिकवणी नव्हे.

नियमांनी ठेवलेलं भोक न ओळखणं

प्रत्येक खेळाचे नियम असतात, आणि नियमात जे बसत नाही त्याचा सराव हळूहळू सुटतो. ऑलिंपिकच्या तायक्वांदोत चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही, म्हणून मुलांचे हात खाली राहतात. क्योकुशिन कराटे पूर्ण ताकदीचं आहे, अंग दगडासारखं होतं, पण चेहऱ्यावर हाताने मारायची तिथेही बंदी. बॉक्सिंगवाल्याचं डोकं आणि पाय सुंदर हलतात. कोणी कमरेला मिठी मारली की मात्र तो पंचाच्या ‘ब्रेक’ची वाट बघतो. कुस्तीगीर पाडण्यात पटाईत, पण ठोसा खायची सवय नसते.

पॉइंटच्या कराटेत तर आवर घालणं हाच कौशल्याचा भाग आहे. तोक्यो ऑलिंपिकच्या ७५ किलोंवरच्या अंतिम लढतीत, २०२१ मध्ये, सौदी अरेबियाचा तारेग हमेदी पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्यावर इतकी जोरात बसली की तो बेशुद्ध पडला. सुवर्ण मिळालं बेशुद्ध पडलेल्याला, कारण हमेदी अनियंत्रित प्रहारासाठी बाद झाला. खेळ म्हणून निर्णय नियमात बसणारा होता. पण जो मुलगा वर्षानुवर्षं स्पर्श होताच थांबायला शिकला, त्याचं शरीर रस्त्यावरही थांबतं.

नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, म्हणजे वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांची पिंजऱ्यातली स्पर्धा. वजनगट नव्हते, आणि अंगाने बेताचा, ब्राझिलियन जुजुत्सूवाला रॉइस ग्रेसी एका संध्याकाळी तिघांना हरवून जिंकला. जमिनीवर गेल्यावर काय करायचं, हे बाकीच्यांपैकी बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. लोकांनी त्यातून ‘जुजुत्सू सर्वश्रेष्ठ’ असा निष्कर्ष काढला. पुढच्या काही वर्षांत कुस्तीगिरांनी गळा आवळणाऱ्या पकडीतून सुटणं शिकून घेतलं, ठोसेबाजांनी पाडू न देणं शिकून घेतलं, आणि तो एकतर्फी फायदा संपला. तेव्हा एकाच शैलीला चिकटून भांडत बसण्यात अर्थ नाही. आपल्या शैलीत काय वर्ज्य आहे ते एकदा कागदावर लिहून काढा आणि तेवढ्यापुरता दुसऱ्याकडे सराव करा. कराटेवाल्याने काही महिने बॉक्सिंग करावं. बॉक्सरने जुदोच्या किंवा कुस्तीच्या हॉलमध्ये जाऊन निदान पाडलं जाणं अनुभवावं.

पिंजऱ्यातलं शहाणपण लोकलच्या डब्यात नेणं

मुंबईत बहुतेकांच्या वाट्याला येणारी मारामारी कशी असते, हे नीट आठवून पाहा. विरार लोकलमध्ये दारावरून हमरीतुमरी, चौथ्या सीटवरून बाचाबाची, पुलाच्या जिन्यावर लागलेला धक्का, सोसायटीत पार्किंगवरून वाढलेला आवाज. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं उभी असतात, असं गणित मांडलं जातं. तिथे छातीपर्यंत गुडघा उचलायला जागा नाही, गोल फिरून लाथ मारायची गोष्टच सोडा. इथे उपयोग होतो तो जवळच्या अंतरावरच्या झोंबाझोंबीचा: मान धरली तर सोडवणं, समोरच्याचे हात बगलेत अडकवून स्वतःचं डोकं वाचवणं, तोल न जाऊ देणं. तालमीतल्या खडाखडीत हे सगळं आहे, जुदोत आहे, थायलंडच्या मुआय थायमधल्या क्लिंचमध्ये, म्हणजे मान-खांदे धरून केलेल्या झोंबीतही आहे.

आणि डब्यात एकटा माणूस क्वचितच एकटा असतो. रोजच्या गाडीचा रोजचा ग्रुप असतो. तुम्ही एकाला खाली घेऊन सुंदर आर्मबार (कोपर उलटं ताणायची पकड) लावला, तेवढ्यात बाकीचे चौघे तुमच्या डोक्यावर लाथा घालायला मोकळे. ‘नव्वद टक्के मारामाऱ्या जमिनीवर जातात’ हे वाक्य बऱ्याच जिममध्ये ऐकवलं जातं. त्याचं मूळ लॉस एंजेलिस पोलिसांच्या नोंदींत असल्याचं सांगितलं जातं, आणि बेड्या घालायच्या म्हणून पोलिस संशयिताला मुद्दाम खाली पाडतात. चारजणांच्या भांडणाला तो आकडा लागू होत नाही. जुजुत्सू जरूर शिका, पण त्यातला पहिला धडा ‘खाली गेलो तर पटकन उभं कसं राहायचं’ हा असू द्या. प्लॅटफॉर्मच्या कडेला तर झोंबूच नका. तिथे जिंकणारा आणि हरणारा दोघेही रुळावर पडू शकतात.

काही धोक्यांना तर मार्शल आर्टचं उत्तरच नाही. दारात उभं राहून फोनवर बोलणाऱ्याच्या हातावर रुळांशेजारून काठी मारून फोन पाडणारी फटका गँग कोणत्याही ब्लॉकने थांबत नाही. दारातून आत सरकायचं, फोन खिशात ठेवायचा, एवढंच.

या सगळ्यात ज्याची जाहिरात कोणी करत नाही, असं एक कौशल्य मला सर्वांत मोलाचं वाटतं: पडायला शिकणं. रस्त्यावरच्या भांडणात जीव जातो तो बऱ्याचदा ठोशाने नाही, ठोशानंतर डोकं काँक्रीटवर आपटल्याने. जुदोच्या पहिल्या महिन्यात हनुवटी छातीला लावून, हाताचा तळवा आणि पूर्ण बाहू जमिनीवर आपटत पडायला शिकवतात. पावसाळ्यात ओल्या जिन्यावर, धावत्या बसमधून उतरताना, मारामारीचा काहीही संबंध नसताना हे वाचवतं. साठीच्या माणसानेही ते शिकावं, फक्त जाड मॅटवर आणि बसल्या जागेपासून सुरुवात करून.

ग्लोव्हशिवाय मुठीने डोक्यावर मारणं

माईक टायसन जगज्जेता असताना, १९८८ मध्ये, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये रस्त्यावर दुसऱ्या बॉक्सरशी भिडला आणि त्याच्याच उजव्या हाताचं हाड मोडलं. बॉक्सिंगचा ग्लोव्ह आधी मारणाऱ्याचा हात वाचवतो. बँडेज आणि ग्लोव्हशिवाय कपाळावर मूठ आपटली की करंगळीखालचं हाड जातं, आणि दातावर बसली तर जखम सहज चिघळते. पॅडवर सराव करताना तळहाताचा फटका आणि कोपर यांनाही वेळ द्या.

चाकू हिसकावण्याचा डाव शिकून निर्धास्त होणं

या चुकीबद्दल मी कठोर बोलतो. सॉल्ट लेक सिटीचे पोलिस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये मांडलेलं मोजमाप असं: चाकू घेतलेला माणूस एकवीस फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि प्रशिक्षित पोलिसालाही कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायला तेवढाच वेळ लागतो. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत किंवा गल्लीत किती वेळ मिळेल? क्लासात जोडीदार एकच वार करून हात लांब धरून थांबतो, म्हणून मनगट पिरगळता येतं. रस्त्यावर हात मागे जातो आणि पुन्हा येतो, पुन्हा येतो.

एकदा जाड मार्करला शाई लावून, जुना पांढरा टीशर्ट घालून, जोडीदाराला मनाला येईल तसे वार करायला सांगा. टीशर्टवरच्या रेघा मोजल्या की भ्रम फिटतो. पैसे, फोन, साखळी मागत असेल तर द्या. पळता येत असेल तर पळा. हे दोन्ही शक्य नसेल तेव्हाच बॅग, खुर्ची, जे मिळेल ते मध्ये धरून झगडा. असंच सांगणारा क्राव मागाचा (इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीचा) किंवा आपल्या मर्दानी खेळाचा शिक्षक मिळाला तर त्याच्याकडे अवश्य शिका.

फक्त अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाची तयारी करणं

मुलींच्या शिबिरांत मागून मिठी मारणारा अनोळखी गुंड हमखास असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, ऑफिसातला वरिष्ठ. तिथे सर्वांत अवघड असतं ते ओळखीच्या माणसाला मोठ्या आवाजात ‘हात काढ’ म्हणणं. आपण मुलींना लहानपणापासून उलट शिकवतो: काका आहेत, असं बोलू नये.

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. एका गटाला माहितीपत्रकं दिली, दुसऱ्याला प्रत्येकी तीन तासांची चार सत्रं. सत्रांमध्ये ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका लवकर ओळखणं, संकोच मोडणं, तोंडाने नकार देणं आणि मग शारीरिक प्रतिकार, असा क्रम होता. वर्षभरात पत्रकं मिळालेल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के राहिलं, प्रशिक्षण मिळालेल्या गटात ५.२ टक्के. बारा तासांत हे होऊ शकतं. म्हणून मुलीला कोणत्याही शैलीला घाला, पण तिथे ओरडायचा सराव होतो का, शिक्षक तिच्या ‘नको’ला मान देतात का, हे स्वतः तासभर बसून बघा.

कायदा विसरणं

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. हक्क पक्का आहे, पण बचावाला लागेल तेवढीच इजा करण्यापुरता. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता, तरी तुम्ही भिडलात, तर हक्क उरत नाही. समोरचा खाली पडला आणि तुम्ही आणखी दोन लाथा घातल्या, तर त्या दोन लाथांचा बचाव करता येत नाही. सुटका झाली की तिथून निघा, ११२ ला फोन करा, रेल्वेत असाल तर १५१२ ला. अंगावर ओरखडा असला तरी सरकारी रुग्णालयात दाखवून नोंद करून घ्या.

सराव करूनही जमत नसेल तर

ठोसा येताना डोळे मिटतात ही सर्वांत सामान्य तक्रार. जोडीदाराला अगदी हळू, ग्लोव्हने कपाळाला नुसता स्पर्श करायला सांगा, आणि दर वेळी त्याच्या छातीकडे बघत राहा. वेग नंतर वाढवा. पहिल्या मिनिटातच दम संपत असेल तर स्टॅमिना दरवेळी कमी नसतो, श्वास रोखलेला असतो. प्रत्येक ठोशाबरोबर नाकातून आवाज करत हवा सोडा. स्पॅरिंगमध्ये हातपाय गोठत असतील तर जोडीदार बदला, जास्त वजनाचा आणि जास्त शांत माणूस घ्या, आणि एकाच डावापुरती लढत ठरवा: तो फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारेल, तुम्ही फक्त चुकवायचं.

कल्याणहून रोज ये-जा करणाऱ्या, आठवड्यातून जेमतेम दोन संध्याकाळी मोकळ्या असलेल्या माणसाला मी एक दिवस बॉक्सिंग आणि एक दिवस जुदो किंवा कुस्ती सांगतो. दोन्हीकडे रविवारची मुलांची बॅच टाळा, मोठ्यांच्या बॅचमध्ये जा. दातांचा गार्ड पहिल्याच दिवशी घ्या. क्रीडासाहित्याच्या दुकानात तो मिळतो, गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा असतो.