समर्पणाचं वेबिल

एकतीस डिसेंबरच्या रात्री बारा वाजायला आले की आमचे पाळकसाहेब सगळ्यांना उभं करतात आणि मंडळी एका सुरात म्हणते, "प्रभू, मी आता माझा नाही, तुझा आहे." मग केक, चहा, गळाभेटी. दोन जानेवारीला जो तो पुन्हा आपापला. मीही वीसेक वर्षं तसाच म्हणत आलो. एसटीत कंडक्टर होतो. मुक्कामी गाडी नसली की हजर, प्रार्थना तोंडपाठ.

ही प्रार्थना मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची. माझी बायको पुण्यातल्या मेथडिस्ट घरातली, म्हणून मला ठाऊक. या पंथाचे संस्थापक जॉन वेस्लींनी ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या फ्रेंच चर्चमध्ये हा देवाशी करायचा समर्पणाचा करार लोकांपुढे मांडला, तेव्हा सुमारे १८०० माणसं उभी राहिली. करार त्यांनी घेतला होता रिचर्ड अ‍ॅलीन या आधीच्या शतकातल्या प्युरिटन (कडक शिस्तीच्या इंग्लिश प्रोटेस्टंट) पाळकाकडून. त्या जुन्या पद्धतीत नुसतं म्हणणं नव्हतंच. आधी एकांतात वेळ काढायचा, करार कागदावर लिहायचा, खाली सही करायची. आपण कागद सोडला आणि उभं राहणं तेवढं ठेवलं.

हे समर्पण नुसतं तोंडचं राहू नये असं वाटत असेल, तर कागदापासून सुरू करा. एकतीस तारखेच्या गडबडीत नको, आदल्या दिवशी. मी पहाटे साडेचारला बसतो, पहिल्या गाडीची सवय अजून सुटलेली नाही. नातवाच्या वहीचं एक पान आणि पेन पुरतं.

पानाच्या वरच्या भागात आपल्याला काय हवंय ते लिहा. हे वाचून आमच्या तरुण संघातली मुलं चमकतात. समर्पण करायचं आणि वर मागायचं? पण क्रूसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशूने काय केलं ते बघा. हा दुःखाचा प्याला टळावा, हे तो आधी बोलला. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' त्यानंतर आलं, आणि शुभवर्तमानात मत्तय सांगतो की त्याने ही प्रार्थना तीनदा केली. आपली इच्छा काय आहे हे न सांगताच ती सोडली म्हणणारा नक्की काय सोडतो, मला कळत नाही.

खालच्या भागात आपल्याकडे काय आहे त्याची यादी. इथे घाई करू नका, सगळं काम इथेच आहे. 'माझं सर्वस्व' असं लिहिलंत तर पान फाडा आणि पुन्हा बसा. ड्यूटी संपल्यावर कॅशियरपुढे पिशवी ओतून "घ्या साहेब, सगळे तुमचे" म्हटलेलं चालत नाही. शंभराच्या किती, पन्नासच्या किती, चिल्लर किती, ते वेबिलाशी, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाशी, जुळवून द्यावं लागतं. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं होमार्पण, म्हणजे वेदीवर जाळायचं अर्पण, हेही असंच आहे. जनावर अख्खंच्या अख्खं वेदीवर ढकलत नाहीत. कातडं काढायचं, तुकडे करायचे, डोकं आणि चरबी लाकडांवर रचायची, आतडी आणि पाय पाण्याने धुवायचे. आतडीसुद्धा! ज्याला बैल-मेंढरू परवडत नाही त्याने होला किंवा पारव्याचं पिलू आणावं, अशी सोयही तिथेच आहे. तेव्हा यादी लहान असली तरी लाजू नका.

प्रेषित पौलाने रोमकरांना पत्र लिहिताना आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून द्या असं म्हटलं, म्हणून मी यादी शरीरापासून धरतो. गुडघे. जीभ (हिला निवृत्तीनंतरही "पुढे सरका, पुढे सरका" ओरडायची सवय आहे, आणि घरात पुढे सरकणारी फक्त सून असते). दुपारची झोप. मग पेन्शन, मोबाइलवर जाणारा वेळ, मुलाची नोकरी, चर्चच्या कमिटीवरची खुर्ची. पहिल्या वर्षी माझ्या अकरा ओळी झाल्या. बायकोला अभिमानाने वाचून दाखवल्या. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "आणि विहीर?"

धाकट्या भावाशी आमचा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून नऊ वर्षं अबोला होता. यादीत ती नव्हतीच. तुमच्याही यादीत जे आलेलं नसेल तेच खरं द्यायचं असतं, असा माझा अनुभव. म्हणून यादी घरातल्या एका माणसाला दाखवाच. पाळकांना दाखवू नका, ते भिडेने चांगलंच म्हणतील.

आता हात ठेवा. अर्पण आणणारा माणूस जनावराच्या डोक्यावर हात ठेवायचा, तसा एकेका ओळीवर हात ठेवायचा आणि ती मोठ्याने म्हणायची. शक्य असेल तिथे खऱ्या वस्तूवर ठेवा. मी पासबुकावर ठेवतो, गुडघ्यावर ठेवतो. वेडगळ वाटेल. पण पासबुकावर हात ठेवून खोटं बोलताना जीभ अडते, हे मी पाहिलंय. जिथे अडली तिथे थांबा, पुढची ओळ घेऊ नका.

वेस्लींच्या प्रार्थनेत एक जागा आहे: मला कामाला लाव, नाहीतर तुझ्यासाठी बाजूला ठेव. बहुतेक जण कामाला लागायला तयार असतात. बाजूला ठेवलं जाणं वेगळं. एक्कावन्नाव्या वर्षी मणका गेला आणि मी आठ महिने पलंगावर होतो. घरासमोरून सहा वाजताची गाडी जायची, मी हॉर्नवरून ड्रायव्हर ओळखायचो आणि भिंतीकडे तोंड करायचो. त्या आठ महिन्यांत मला हे वाक्य एकदाही म्हणता आलं नाही. तुम्हालाही येत नसेल तर म्हणू नका. 'हे जमत नाही' असं शेजारी लिहा.

हे लिहिण्याला मी फार किंमत देतो. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोची गोष्ट आहे. जमीन विकून त्यांनी थोडे पैसे मागे ठेवले आणि उरलेले प्रेषितांपुढे आणले. प्रेषित पेत्र हनन्याला म्हणतो, जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. गुन्हा पैसे ठेवल्याचा नव्हता. थोडं आणून सगळं आणल्याचं सोंग केलं, त्याचा होता. माझी एकदा अडतीस रुपये कॅश कमी भरली, सुट्ट्यांच्या घोळात माझीच चूक. कमी ती कमी म्हणून लिहिली आणि खिशातून भरली. लपवली असती तर केस झाली असती.

दोन गोष्टींची ताकीद मात्र देतो. समर्पण देवापुढे आहे, माणसापुढे नाही. कुणी प्रार्थनेच्या नावाखाली तुमचा पगार, जमिनीचा उतारा किंवा मुलगी मागत असेल, कुणी बाईला नवऱ्याचा मार देवाची इच्छा म्हणून सोसायला सांगत असेल, तर तिथून उठा. आणि औषध सोडू नका. दुसरं, भावनेच्या भरात नवस बोलू नका. बायबलातला इफ्ताह असा नवस बोलला आणि लेक गमावून बसला.

सही करा, तारीख घाला. मग रात्री चर्चमध्ये सगळ्यांबरोबर उभं राहून म्हणा. आता ती प्रार्थना जड लागेल, तशीच म्हणा. वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ दोन मिनिटं कागद उघडायचा. इस्राएलांच्या निवासमंडपात, म्हणजे उपासनेच्या तंबूत, रोज दोन कोकरं अर्पण होत, एक सकाळी, एक सांजवेळी, त्यावरून मी ही वेळ धरली. एखादा दिवस चुकला तर दुप्पट करत बसू नका.

जुने कागद मी बायबलात लेवीयापाशी ठेवतो. सध्या चार आहेत. पहिल्यावर विहीर बायकोच्या अक्षरात आहे, पुढच्या दोन्हींवर माझ्या अक्षरात, शेजारी 'जमत नाही'. गेल्या उन्हाळ्यात भावाचा कांदा जळायला लागला तेव्हा शुक्रवारची माझी पाळी मी त्याला दिली, गुरुवारची ठेवली. चौथ्या कागदावर लिहिलंय, 'विहीर, अर्धी'.