चवथीच्या फ्रॉकला चुण्या आणि टक्स, घरच्याच मशीनवर

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पॉपलिन किंवा मलमल आणली की आधी पाण्यातून काढा, सुती कापड आटतं आणि शिवून झाल्यावर आटलं तर टक्स, म्हणजे टीप मारलेल्या बारीक घड्या, वाकडेतिकडे ओढले जातात. पावसात नीट वाळत नाही, म्हणून इस्त्रीने पूर्ण कोरडं करूनच कापायला घ्या.

चुण्यांसाठी घेर कमरेच्या दुप्पट, मलमल असेल तर अडीचपट घ्या. कमी घेतला की झालर मरगळलेली दिसते, तिथे कापड वाचवू नका. टाका सगळ्यात मोठा, 4 किंवा 5 वर, वरच्या दोऱ्याचं टेन्शन थोडं सैल. मार्जिन, म्हणजे शिलाईसाठी सोडलेली कड, 1.5 सेंमी धरलं असेल तर कडेपासून 6 मिमीवर एक टीप आणि 12 मिमीवर दुसरी. एकाच टिपेवर भागवणारे बरेच असतात, पण दोरा तुटला की सगळं पहिल्यापासून, आणि चुण्या पण एका जागी गोळा होतात. सुरुवातीला-शेवटी उलटा टाका अजिबात नको, दोरे लांब सोडा. ओढायचा तो फक्त बॉबिनचा दोरा, म्हणून बॉबिनमध्ये वेगळा रंग भरा, लगेच सापडतो. घेर आणि कमरेची पट्टी, दोन्हींचे खडूने चार-चार समान भाग करून खुणेला खूण टाचणीने लावा आणि मग दोन्ही टोकांकडून हळूहळू ओढत चुण्या सारख्या करा. टेन्शन परत जागेवर, टाका 2.5 वर, चुण्यांची बाजू वर ठेवून मार्जिनवर पक्की शिलाई.

टक्सचं मात्र उलटं, आधी टक्स घालायचे आणि मग योक, म्हणजे फ्रॉकचा छातीवरचा वरचा तुकडा, कापायचा. 3 मिमीचा एक टक 6 मिमी कापड खातो, म्हणजे दहा टक्सना 6 सेंमी गेलंच. दोन टिपांच्या मध्ये 1 सेंमी जागा हवी असेल तर घडीच्या खुणा 1.6 सेंमीवर करा, प्रत्येक खुणेवर घडी घालून इस्त्री मारा, घडीपासून 3 मिमीवर टीप. नजर सुईवर नको, कापड दाबून धरणाऱ्या फूटच्या कडेवर ठेवा, रेघ सरळ येते. झिगझॅग मशीन असेल तर ट्विन (जोड) सुईने बारीक उठावाचे टक्स झटपट होतात, फक्त सुई बसवल्यावर चाक एकदा हाताने फिरवून बघा, प्लेटवर आपटत नाही ना.

शेवटी सगळे टक्स मधल्या रेघेपासून बाहेर वळवून इस्त्री करा. चुण्यांवरून मात्र सपाट इस्त्री फिरवू नका, नुसतं टोक आत घालायचं.