मोकळ्या कोंबड्यांना कुत्र्याची राखण: आमच्याकडं काय जमलं

ऊसतोड सुरू झाली की फडातलं मुंगूस, रानमांजर, कोल्हं वस्तीकडं सरकतं. करवीर-पन्हाळ्याकडं मोकळ्या गावठी कोंबड्यांना खरा धोका याच दिवसांत. राखणीला कुत्रा चालतो, पण तो तयार करावा लागतो.

पिल्लू ८ ते १० आठवड्यांचं, गावठीच घ्या. कारवान ही शिकारी कुत्र्याची जात, दिसायला देखणी. पण पळत्या जनावरामागं धावणं तिच्या रक्तात, फडफडणारी तलंग (तरणी कोंबडी) तिला शिकारच वाटते. पहिले २ महिने पिल्लाला खुराड्याशेजारी, मधे जाळी ठेवून बांधा. खायलाही तिथंच द्या. मग १० फुटी दोरीवर रोज २० मिनिटं कोंबड्यांत फिरवा. टक लावून बघायला लागलं की लगेच मागं घ्या. शांत बसलं तर भाकरीचा तुकडा.

गडबड होते ती साधारण ८ ते १४ महिन्यांत. तोवर शहाणं वाटणारं कुत्रं अचानक खेळायला म्हणून कोंबडी धरतं, आणि खेळातच ती मरते. मारू नका, पुन्हा दोरीवर आणा. दीड-दोन वर्षांचं होईस्तोवर एकटं सोडायचं नाही. मेलेली कोंबडी, फुटलं अंडं तोंडाला लागू देऊ नका, चटक लागते.

रात्री मात्र कोंबड्या आतच. खुराड्याला अर्धा इंची वेल्डमेश (जोड दिलेली जाड तारेची जाळी) लावा, कडेनं १ फूट जमिनीत पुरा. पातळ षटकोनी जाळी कोल्हं फाडतं. घारीवर कुत्रं नुसतं भुंकतं, म्हणून कोंबडीची लहान पिल्लं डालग्याखालीच (मोठ्या टोपलीखाली). कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी.